निर्बंधांनी इराणचा अणुबॉम्ब अडला की जवळ आला?

नदीकाठ (धागाकर्ता):

१८ ऑक्टोबर २०२५ ला इराणच्या २०१५ च्या अणुकराराला मान्यता देणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या ठराव २२३१ ची दहा वर्षांची मुदत संपली. त्याच्या तीन आठवडे आधी ब्रिटन, फ्रान्स आणि जर्मनीने त्याच ठरावातलं 'स्नॅपबॅक' (जुने निर्बंध परत आणणारं) कलम वापरून २००६ ते २०१० मधले सहा जुने ठराव पुन्हा लागू करून घेतले. युरोप आणि अमेरिका म्हणतात निर्बंध लागू आहेत. इराण, रशिया आणि चीन म्हणतात, कसले निर्बंध? त्याआधी, जून २०२५ मध्ये, नतांझ, फोर्दो आणि इस्फहान या इराणी अणुकेंद्रांवर इस्रायल आणि अमेरिकेचे बॉम्ब पडले. आणि एवढं सगळं होऊन ६० टक्के समृद्ध केलेलं (म्हणजे त्यातला वीज किंवा बॉम्बला उपयोगी अंश तितका वाढवलेलं) सुमारे ४४० किलो युरेनियम आज कुठे, कोणत्या अवस्थेत आहे, याची खातरजमा आयएईए या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निरीक्षकांना करता आलेली नाही. ते ९० टक्क्यांपर्यंत नेलं तर साधारण दहा बॉम्बना पुरेल.

माझं मत आधीच सांगतो. निर्बंधांचा उपयोग होतो, पण फक्त सौदा करण्यासाठी. कधी आणि कशाच्या बदल्यात उठवणार हे ज्याला सांगता येत नाही, त्याने ते लादूच नयेत.

२०१२ ते २०१५ चा काळ बघा. मार्च २०१२ मध्ये इराणी बँका स्विफ्ट या बँकांच्या जागतिक संदेश यंत्रणेतून बाहेर काढल्या. १ जुलैपासून युरोपने इराणी तेल घेणं बंद केलं. २०११ मध्ये दिवसाला २५ लाख बॅरलच्या आसपास असलेली निर्यात निम्म्याहून खाली आली. ऑक्टोबर २०१२ मध्ये इराणचं चलन रियाल इतकं कोसळलं की तेहरानच्या बाजारातल्या व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवली. जून २०१३ च्या निवडणुकीत रूहानी अध्यक्ष म्हणून निवडून आले, ते निर्बंध उठवून आणतो असं सांगूनच. नोव्हेंबरमध्ये जिनिव्हात अंतरिम करार झाला आणि १४ जुलै २०१५ ला व्हिएन्नात पूर्ण. ३.६७ टक्क्यांच्या वर समृद्धीकरण नाही, ३०० किलोच्या वर साठा नाही. सुमारे ११ टन युरेनियम जहाजात भरून रशियाला गेलं. अराकच्या अणुभट्टीच्या गाभ्यात काँक्रीट ओतलं. हे सगळं आयएईएने स्वतः तपासलं आणि इराण करार पाळतोय असे अहवाल पुन्हा पुन्हा दिले.

८ मे २०१८ ला ट्रम्प यांनी अमेरिकेला करारातून बाहेर काढलं. इराण वर्षभर थांबला, मग एकेक मर्यादा ओलांडत गेला आणि एप्रिल २०२१ मध्ये ६० टक्क्यांवर पोचला. दुसऱ्या खेपेचे निर्बंध पहिल्यापेक्षा कडक होते, तरी बदल्यात मिळालं ते ४४० किलो. माझ्या मते फरक एवढाच की पहिल्या वेळी पलीकडे दार होतं, दुसऱ्या वेळी नव्हतं.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

कातळ:

मला पटत नाही. तुम्ही गोष्ट २०१२ पासून सुरू करता म्हणून ती जुळते. एप्रिल २००६ मध्ये नतांझला १६४ सेंट्रिफ्यूजची (युरेनियम समृद्ध करणाऱ्या फिरत्या यंत्रांची) एक साखळी चालली होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने पहिले निर्बंध लावले. मग २००७, २००८, २०१० असे ठरावावर ठराव आले. २०१३ मध्ये इराणने सेंट्रिफ्यूज किती बसवली होती? सुमारे १९ हजार. हा सगळा कार्यक्रम निर्बंधांच्या सावलीतच वाढला.

मग २०१३ मध्ये इराण टेबलावर का आला? कारण अमेरिकेने आपली मुख्य अट सोडली. तोवर मागणी होती की इराणच्या भूमीवर एक ग्रॅमही समृद्धीकरण होता कामा नये. ओमानमधल्या गुप्त भेटींत अमेरिका पहिल्यांदा म्हणाली की मर्यादित समृद्धीकरण चालेल. तिथे गाडी हलली. तुम्ही श्रेय देताय काठीला, काम केलं सवलतीने.

आणि आपल्याला हे कळायला इतकं लांब कशाला जायला हवं? तारापूरच घ्या. १९६३ च्या करारानुसार अमेरिका तिथल्या दोन अणुभट्ट्यांना इंधन देणार होती. १९७४ ला पोखरण झालं, १९७८ ला अमेरिकेने नवा कायदा करून अट घातली की तुमची सगळी अणुकेंद्रं तपासणीसाठी खुली करा, तरच इंधन. आपण नाही म्हटलं. शेवटी १९८२ मध्ये फ्रान्सकडून इंधनाची सोय झाली, पुढे चीन आणि रशियानेही दिलं. मधल्या काळात भाभा अणुसंशोधन केंद्राने प्लुटोनियम मिसळलेलं मॉक्स इंधन स्वतः बनवून तारापूरला वापरून पाहिलं. राजस्थानची दुसरी अणुभट्टी कॅनडाने अर्ध्यावर सोडली, ती आपल्या इंजिनिअरांनी पुरी केली. १९९८ ला पुन्हा चाचण्या, पुन्हा निर्बंध. ऑगस्टमध्ये स्टेट बँकेने अनिवासी भारतीयांसाठी रोखे काढले आणि ४.२ अब्ज डॉलर उभे राहिले. अमेरिकेचं म्हणाल तर निर्बंध लागून दोन महिने होतात न होतात तोच त्यांच्या काँग्रेसने शेतमाल वगळला, कारण पाकिस्तान गव्हाची खरेदी करणार होता आणि तिकडच्या गहू उत्पादकांना ते गिऱ्हाईक गमवायचं नव्हतं.

बॉम्बला आपल्या अस्तित्वाची हमी मानणारा देश उपाशी राहील, पण बॉम्ब सोडणार नाही. उत्तर कोरिया २००६ पासून निर्बंधांखाली आहे आणि त्याने तेव्हापासून सहा चाचण्या केल्या.

नदीकाठ:

कातळ, भारताची तुलना इथे लागू होत नाही. आपण एनपीटीवर (अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर) कधी सहीच केली नाही. इराणने १९७० मध्येच त्याला मान्यता दिली. सही केलेल्या देशाच्या आत निरीक्षक असतात, कॅमेरे असतात, सीलं असतात. आपल्यावर लादलेली अट आपण मान्य केलेलीच नव्हती. इराण स्वतःच्या सहीला बांधील होता आणि म्हणून त्याच्याशी मोजमापाचा सौदा होऊ शकला.

ओमानची गोष्ट खरी आहे. पण सवलत गोड लागली ती निर्बंध बसले होते म्हणून. २००५ मध्ये युरोपने देऊ केलेला प्रस्ताव इराणने वाचून बाजूला ठेवला होता.

शार्दूल:

दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट गाळलेली आहे. इराणचा व्यवहार प्रामाणिक होता असं तुम्ही गृहीत धरताय. नतांझ उघड झालं २००२ मध्ये, तेही इराणच्या विरोधकांनी माहिती फोडली म्हणून. कोमजवळच्या डोंगरात खोदलेलं फोर्दो जगाला कळलं सप्टेंबर २००९ मध्ये. नागरी वीजनिर्मितीसाठी डोंगराच्या पोटात कारखाना कोण बांधतो? बुशेहरच्या वीजकेंद्राला रशिया इंधन पुरवतो, आणि अशा केंद्राला पाच टक्क्यांच्या आतलं युरेनियम पुरतं. ६० टक्के कोणत्या विजेसाठी लागतं ते मला कोणीतरी सांगा.

२०१५ च्या करारातलं दुखणं म्हणजे त्याच्या मुदती. सेंट्रिफ्यूजवरच्या मर्यादा दहा वर्षांच्या, साठा आणि टक्केवारीवरच्या पंधरा वर्षांच्या. मुदत संपली की इराणला कायदेशीर परवानगी घेऊन हजारो सेंट्रिफ्यूज चालवता आली असती. क्षेपणास्त्रं करारात नव्हती, इराणच्या पाठिंब्यावरची लेबनॉनची हिजबुल्ला संघटना नव्हती. पैसे मात्र मोकळे झाले. दाब अजून दोन-तीन वर्षं ठेवला असता तर कायमचा करार मिळाला असता, असं मला ठामपणे वाटतं.

लिबियाने हेच केलं. १९९२ पासून निर्बंध, मग ऑक्टोबर २००३ मध्ये सेंट्रिफ्यूजचे भाग नेणारं जहाज पकडलं गेलं, आणि डिसेंबरमध्ये लिबियाचा हुकूमशहा गद्दाफीने सगळा कार्यक्रम सोडून दिल्याचं जाहीर केलं. यंत्रं विमानात घालून अमेरिकेत नेली. निर्बंध चालत नाहीत म्हणणाऱ्यांनी याचं काय करायचं ते सांगावं.

प्राजक्ता_पुणे:

शार्दूल, "अजून दोन-तीन वर्षं" हे शब्द किती सहज लिहिलेत तुम्ही.

मी पुण्यात शिकवायचे तेव्हा वर्गात इराणी मुलं बरीच असत. २०१२ च्या दिवाळीच्या आसपास एकेक जण येऊन फीची मुदत वाढवून मागू लागला. रियाल इतका घसरला होता की घरच्यांनी वर्षभरासाठी बाजूला काढलेल्या पैशात एक सत्रही निघत नव्हतं, आणि असलेले पैसे पाठवायला बँक नव्हती. कोणी दुबईतल्या नातेवाइकाकडून, कोणी प्रवासाला येणाऱ्या ओळखीच्या माणसाच्या हातून पैसे मागवी. एक मुलगी, आर्किटेक्चरची, हुशार, शेवटच्या वर्षाला परत गेली. तिचे वडील शाळामास्तर होते. अणुकार्यक्रमाबद्दल त्यांचं मत तिकडे कोणी विचारलं होतं?

औषधांवर निर्बंध नाहीत असं कागदावर लिहिलेलं असतं. पण औषधाचे पैसे ज्या बँकेतून जायचे ती बँकच व्यवहार नाकारते, कारण चुकून अमेरिकेचा नियम मोडला तर होणारा दंड तिला परवडणारा नसतो. एपिडर्मोलायसिस बुलोसा नावाचा आजार आहे. मुलांची त्वचा नुसत्या घर्षणाने फोडासारखी सुटून येते. त्यांना चिकटून न बसणारं एक खास फोमचं ड्रेसिंग लागतं, ते स्वीडनहून येई. २०१८ नंतर कंपनीने पाठवणं थांबवलं. साधी पट्टी काढताना त्या मुलांची कातडी पट्टीबरोबर निघते. ह्यूमन राइट्स वॉचने २०१९ च्या अहवालात हे सविस्तर नोंदवलं आहे.

आणि ज्यांच्यावर दाब यायला हवा ते रिव्होल्यूशनरी गार्ड, म्हणजे इराणी राजवटीचं खास सैन्य? परदेशी कंपन्या गेल्या की त्यांचीच कंत्राटं वाढतात. चोरट्या आयातीचे धक्केही त्यांच्याच हातात. इराकमध्ये बारा-तेरा वर्षं हेच चाललं. पाच लाख मुलं गेली म्हणतात, सद्दामच्या राजवाड्यांचं बांधकाम थांबलं नाही.

शार्दूल:

ताई, पाच लाखांचा तो आकडा टिकलेला नाही. २००३ नंतर झालेल्या पाहण्यांत बालमृत्यूंची तशी लाट दिसलीच नाही. मूळ पाहणीच्या आकड्यांत सद्दामच्या सरकारने फेरफार केल्याचं संशोधकांनी मांडलं आहे. शिवाय सद्दामचा अणुकार्यक्रम निर्बंध आणि तपासणी यांनीच मोडला होता. २००३ मध्ये अमेरिकेने सगळा देश पालथा घातला, काही सापडलं नाही. म्हणजे निर्बंधांनी आपलं काम केलं होतं, युद्धाची गरजच नव्हती.

प्राजक्ता_पुणे:

आकडा बाजूला ठेवते. बगदादमधले संयुक्त राष्ट्रांचे मानवतावादी समन्वयक डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला, त्यांच्या जागी आलेल्या हान्स फॉन स्पोनेक यांनी २००० मध्ये. दोघांनी कारण एकच सांगितलं, की हे निर्बंध सामान्य इराक्यांना संपवत आहेत. रोज शाळा, दवाखाने आणि पाण्याचे पंप बघणारी ही माणसं होती. त्यांना सद्दामच्या प्रचाराची गरज नव्हती.

आणि तुम्हीच म्हणता की कार्यक्रम मोडला होता. मग तरीही निर्बंध उठले का नाहीत? कारण तोवर उद्देश बदलून सद्दामला घालवण्यावर आला होता. सद्दामला ते दिसत होतं. निरीक्षकांना सहकार्य करून त्याला काय मिळणार होतं?

दर्यावर्दी:

मी तेलवाहू जहाजांवर बरीच वर्षं काढली, त्यामुळे राजकारणापेक्षा हे प्रत्यक्षात कसं चालतं त्याबद्दल लिहितो.

२०१२ चा दणका बसला तो विम्यामुळे. समुद्रात तेल सांडलं, टक्कर झाली तर भरपाई देणारा विमा बहुतेक मोठी जहाजं काही मोजक्या क्लबांकडे (जहाजमालकांच्या विमा-संघांकडे) काढतात, आणि या धंद्याची नाडी लंडनच्या हातात आहे. युरोपने सांगितलं की इराणी तेल भरलेल्या जहाजाला हा विमा मिळणार नाही. एका रात्रीत चांगल्या कंपन्या मागे हटल्या. जपानला संसदेत कायदा करून सरकारी हमी द्यावी लागली तेव्हा कुठे त्यांची टँकरं खार्ग या इराणी तेलबंदराला जाऊ शकली. भारतानेही आपल्या विमा कंपन्यांचं मर्यादित संरक्षण दिलं आणि तेलाचे काही पैसे रुपयांत, यूको बँकेमार्फत द्यायची सोय केली. म्हणजे तेव्हा निर्बंध पाळायला नाखूष असलेले देशसुद्धा त्या चौकटीतच वाट शोधत होते.

आज चौकटच दुसरी आहे. जुनं, वीस वर्षांचं टँकर कुणीतरी नावापुरती कंपनी काढून विकत घेतं. झेंडा दर काही महिन्यांनी बदलतो. खार्गहून भरलं की जहाजाचा एआयएस, म्हणजे जागा सांगणारा ट्रान्समीटर, बंद, किंवा तो भलतीच जागा दाखवतो. मलेशियाच्या किनाऱ्यापलीकडे दुसरं जहाज बाजूला लावायचं, मध्ये मोठे फेंडर टाकायचे, पाइप जोडायचे आणि तेल पलटी करायचं. कागदावर ते तेल मलेशियाचं होतं आणि चीनमधल्या शांदोंगच्या छोट्या रिफायनऱ्यांत जातं. इराणच्या निर्यातीतला सुमारे ९० टक्के माल आता चीनला जातो, आणि चीनच्या कस्टमच्या आकडेवारीत इराणी तेल दिसत नाही. ही साखळी एकदा बसली की ती मोडत नाही, कारण तिच्यावर हजारोंची पोटं चालतात. त्यात आपली पोरंही असतात. एजंटला पैसे भरून पहिलीच नोकरी अशा जहाजावर मिळते, विमा नाही, पगार थकलेला, आणि पकडलं गेलं तर मालकाचा पत्ता नाही.

म्हणून शार्दूल, "दाब अजून ठेवला असता" हे मला पटत नाही. दाब पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त असतो. नंतर समोरचा पळवाटा बांधून काढतो.

साकव:

चर्चा चांगली चालली आहे, पण सगळे फसलेल्या किंवा अर्धवट उदाहरणांभोवती फिरताय. न घडलेल्या निर्बंधांकडे कोणी बघत नाही.

सत्तरच्या दशकात दक्षिण कोरिया बॉम्बच्या वाटेवर होता. फ्रान्सकडून पुनर्प्रक्रिया प्रकल्प (वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम काढणारा) घेण्याचा करार झाला होता. अमेरिकेने आतून सांगितलं की हे केलंत तर कर्ज, अणुभट्ट्या आणि सुरक्षेची हमी, सगळं धोक्यात येईल. १९७६ च्या सुरुवातीला तो प्रकल्प रद्द झाला. तैवानवरही असाच दाब आला आणि १९८८ मध्ये त्यांना आपली संशोधन अणुभट्टी बंद करावी लागली. एकही निर्बंध प्रत्यक्षात लावावा लागला नाही. जो देश तुमच्या बाजारावर आणि तुमच्या सैन्यावर अवलंबून आहे, त्याला नुसती धमकी पुरते. म्हणून निर्बंध प्रत्यक्ष लागलेल्या देशांची यादी बघितली तर त्यात आधीच तुटलेले, हट्टाला पेटलेले देशच जास्त सापडणार. त्या यादीवरून "निर्बंध कधीच चालत नाहीत" असं म्हणणं बरोबर नाही, कातळ.

उलट बाजूही सांगते. १९७९ मध्ये इराणचा अमेरिकेशी व्यवहार तुटला, १९९५ मध्ये क्लिंटन यांनी उरलासुरला व्यापार बंद केला. अमेरिकेने आपल्या हातातलं सगळं नतांझ उघड होण्याआधीच वापरून टाकलं होतं. पुढे जे काही झालं ते युरोप, जपान, भारत यांना त्यांच्या तेलापासून तोडून झालं, दुसऱ्यांच्या खिशातून. पाकिस्तानच्या बाबतीत तर जाणूनबुजून डोळे मिटले गेले. अफगाण युद्ध चालू होतं तोवर अमेरिकेचे अध्यक्ष दर वर्षी काँग्रेसला प्रमाणपत्र देत राहिले की पाकिस्तानकडे बॉम्ब नाही. सोव्हिएत फौजा गेल्या आणि १९९० मध्ये प्रमाणपत्र थांबलं, एफ-१६ विमानं अडकली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

कातळ:

साकव, दक्षिण कोरियाचं उदाहरण मान्य करूनही माझा मुद्दा तसाच राहतो. त्या देशात अमेरिकेचं सैन्य होतं आणि आहे. बॉम्ब सोडण्याच्या बदल्यात त्यांना अमेरिकेच्या संरक्षणाची छत्री मिळाली. इराणला कोण छत्री देणार?

शार्दूल यांनी लिबिया काढला, पण गोष्ट २००३ वर थांबवली. २०११ मध्ये नाटोची विमानं लिबियावर गेली आणि गद्दाफी मारला गेला. उत्तर कोरियाने तेव्हा उघड म्हटलं होतं की लिबियाने शस्त्र सोडलं म्हणून हे झालं. तेहरानमध्येही ते वाचलं गेलंच असणार. आणि जून २०२५ मध्ये? वाटाघाटींची पुढची फेरी दोन दिवसांवर असताना हल्ला झाला. इराणमध्ये बॉम्ब हवा म्हणणाऱ्यांच्या हाती यापेक्षा मोठा पुरावा कोणता द्यायचा राहिला?

नदीकाठ, तुम्ही सौदा म्हणताय. आज, या घडीला, तुम्ही इराणला नेमकं काय देऊ कराल?

नदीकाठ:

प्रश्न रास्त आहे. पहिली पायरी छोटी ठेवीन. आयएईएला त्या ४४० किलोपर्यंत जाऊ द्या, मोजू द्या, सील लावू द्या. त्याच्या बदल्यात परदेशी बँकांत अडकलेल्या इराणच्या तेलाच्या पैशातला ठरावीक हिस्सा अन्न आणि औषधांसाठी मोकळा करायचा, आणि प्राजक्ताताई म्हणतात तसं बँकांना लेखी आश्वासन द्यायचं की या व्यवहारासाठी कारवाई होणार नाही. नंतर साठा कमी करणं किंवा देशाबाहेर पाठवणं, त्याच्या बदल्यात तेल. २०१३ चा जिनिव्हा करार असाच होता: सहा महिन्यांचा, मोजता येणारा, दोघांनाही मागे फिरता येणारा. समृद्धीकरण पूर्ण बंद करा हा हट्ट पहिल्या दिवशी धरला तर दुसरा दिवस उगवणार नाही.

शार्दूल:

म्हणजे आधी नियम मोडून ६० टक्क्यांवर जायचं आणि मग नियम पाळण्याबद्दल पैसे घ्यायचे. उद्या सौदी अरेबिया आणि तुर्कस्तान हेच गणित मांडतील. मी असा पैसा एक डॉलरही सोडणार नाही, साठा देशाबाहेर गेल्याशिवाय.

दर्यावर्दी:

नदीकाठ, तुमच्या प्रस्तावात एक मोठी अडचण आहे आणि ती शार्दूल यांच्या विरोधापेक्षा कठीण आहे. जानेवारी २०१६ मध्ये निर्बंध अधिकृतपणे उठले. पुढे काय झालं? इराण एअरने एअरबसकडे शंभर विमानांची मागणी नोंदवली. हातात आली तीन. मोठ्या युरोपीय बँका इराणकडे फिरकल्याच नाहीत, कारण २०१४ मध्ये एका फ्रेंच बँकेला इराण, सुदान आणि क्यूबाच्या व्यवहारांबद्दल अमेरिकेने जवळपास नऊ अब्ज डॉलर दंड केला होता आणि तो कोणी विसरलं नव्हतं. फ्रेंच तेल कंपनी इराणच्या साउथ पार्स क्षेत्रातल्या वायूसाठी आली, २०१८ मध्ये सामान गुंडाळून गेली. उठवलेले निर्बंधसुद्धा जहाजवाल्यांसाठी, विमावाल्यांसाठी आणि बँकांसाठी उठत नाहीत.

तेव्हा तुमच्या पहिल्या पायरीत एक ओळ वाढवा. पुढचा अमेरिकी अध्यक्ष आला तरी हे व्यवहार मागच्या तारखेने बेकायदा ठरणार नाहीत, याची हमी अमेरिकी काँग्रेसने मतदान करून द्यायची, नुसती अध्यक्षांची सही नको. ती मिळाली तर विमा कंपन्या येतील, आणि त्या आल्या तर माल हलेल. काँग्रेसमध्ये त्यासाठी मतं कुठून आणायची, ते तुम्ही सांगा.